किती दिवसांचा रकाना

“बाई, जगात सगळीकडं नवरा मेल्यावर बांगड्या फोडतात का?”

स्वप्नाली खटके बाकाशेजारी उभी होती. सहावी ‘ब’चा वर्ग, छत्तीस मुलं, मधल्या सुट्टीनंतरचा तास. मागच्या बाकावरचं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. स्वप्नालीचे वडील आदल्या वर्षीच्या दिवाळीत उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेले होते, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी फळ्यावर मुलांचे प्रश्न उतरवून घेत होते. स्वप्नालीच्या नावापुढे काही न लिहिता मी वळले.

“हा प्रश्न घ्यायचाय तुला?”

“हो.”

“सण घे की. नाहीतर खेळ. जगातल्या मुली कुठले कुठले खेळ खेळतात, छान होईल बघ.”

“सण ओंकारनं घेतलेत. खेळ ज्योतीनं.” ती बसायला तयार नव्हती. “तुम्हीच म्हणालात, ज्याचं उत्तर खरंच पाहिजे असंल तोच प्रश्न घ्या.”

म्हणाले होते खरी. मी फळ्यावर लिहिलं, ‘स्वप्नाली : माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक काय करतात?’ तिनं ते वाचलं. बांगड्यांचं मी गाळलं होतं. पण वहीत तिनं स्वतःचाच प्रश्न लिहून घेतला. मला ते वाकून बघायची हिंमत झाली नाही.

या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. करंजोळ हे सोलापूरकडचं बाजाराचं गाव. तिथल्या एका संस्थेच्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागले होते. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग कायम करतात. माझं तिसरं वर्ष चालू होतं. गावात मला सगळे रणपिसे बाई म्हणत. मिस्टर दुबईला असतात, एवढंच माझ्याबद्दल गावाला माहीत होतं.

सहावीला जगाचा भूगोल होता आणि मुलांना तो पाठ करायचा कंटाळा होता. ब्राझीलची राजधानी, जपानचा पोशाख, असं घोकून मुलं दमत. म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ठरवलं, प्रत्येकानं एक प्रश्न घ्यायचा आणि जगातली माणसं त्याचं काय करतात ते शोधून काढायचं. नियम दोनच. मनानं काही लिहायचं नाही. आणि ज्यानं सांगितलं, त्या माणसाचं किंवा पुस्तकाचं नाव शेवटच्या रकान्यात लिहायचं. जानेवारीअखेर सगळ्यांचे तक्ते भिंतींवर लावायचे आणि पालकांना बोलवायचं. प्रदर्शनाचं नाव मुलांनीच ठेवलं, ‘जग आमच्या वर्गात’.

शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत टॉवेल पांघरून असे. त्यामुळे मुलं माणसांच्या मागे लागली. कुवेतहून परत आलेल्या नर्सबाईंना त्यांनी रविवारी झोपू दिलं नाही. पंढरीनाथ फौजी सियाचीनला गुरख्यांच्या पलटणीबरोबर होते, त्यांना नेपाळी लोक काय खातात ते विचारलं. दर शनिवारी मी आठ-दहा जणांना एस.टी.नं तालुक्याच्या वाचनालयात घेऊन जायची. तिथे विश्वकोशाचे खंड होते. ग्रंथपाल सुरुवातीला हात धुऊन यायला लावायचे, नंतर नंतर स्वतःच खुणेचे कागद घालून खंड काढून ठेवायला लागले.

एके दिवशी ओंकार गवळी माझ्या टेबलापाशी आला. परमुलखात गेलेली माणसं आपले सण कसे करतात, हा त्याचा प्रश्न होता. त्यानं पाकीट पुढं केलं.

“बाई, तुमच्या मिस्टरांना पत्र लिहिलंय. दुबईत गणपती बसवतात का, आकाशकंदील मिळतो का, सगळं विचारलंय. पत्ता टाका.”

पाकिटावर त्यानं सुंदर अक्षरात ‘श्री. रणपिसे काका यांस’ असं लिहिलं होतं. मी म्हणाले, “टाकते.” ते पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढचे पंधरा दिवस तो रोज विचारायचा, उत्तर आलं का. मी सांगायची, टपाल उशिरा येतं. शेवटी त्यानंच कंटाळून तो रकाना मोकळा सोडला आणि खाली लिहिलं, ‘उत्तर मिळाले नाही.’ खोटं काही लिहिलं नाही त्यानं. माझ्या वर्गातलं मूल नियम पाळत होतं.

स्वप्नालीच्या जोडीला मुबीना शेख होती. दोघी मिळून विश्वकोशाच्या खंडांवर तुटून पडल्या. चीनमध्ये सुतकाचा रंग पांढरा. इंग्लंडच्या एका जुन्या राणीनं नवरा गेल्यावर चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, काळे कपडे घातले. त्या काळच्या तिकडच्या साध्या बायकांना मात्र दोन-अडीच वर्षांनी काळे कपडे उतरवता यायचे. ज्यू लोक सात दिवस घरात जमिनीलगत बसून राहतात आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. मेक्सिकोत वर्षातून एकदा मेलेल्यांना जेवायला बोलावतात आणि त्यांच्या वाटेवर झेंडू पसरतात.

“झेंडू, बाई! आपला दसऱ्याचा!” स्वप्नाली वाचनालयातच ओरडली. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. “आन् ह्यात लिहिलंय, झेंडू मुळात तिकडचाच आहे. तिकडनं आपल्याकडं आला.”

मुबीनाच्या दादीनं स्वतः सांगितलं, नवरा गेल्यावर त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस थांबायचं. मग संपलं. दादीनं दिवस मोजले होते. सुमात्रा बेटावरच्या एका समाजात घर, शेत आईकडून मुलीला मिळतं, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. तो गेला तर बाईला तिच्या घरातून उठ म्हणणारं कोणी नसतं. हे वाचून स्वप्नालीनं ते पान दोनदा उतरवून घेतलं, एकदा तक्त्यासाठी आणि एकदा नुसतंच. का ते मी विचारलं नाही. तिच्या आईला, छबूताईला, दिरांनी राहत्या घरातून मागच्या छपरात काढलं होतं.

आणि एकदा ती पळत आली. “बाई, ग्रीसमधी पण! खेड्यातल्या बायका नवरा गेला की जन्मभर काळं घालायच्या. जन्मभर!” तिच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला. आपल्या आईसारखं जगात आणखी कुणीतरी आहे, याचा.

जानेवारीच्या मध्यावर तक्ता पूर्ण होत आला. तिनं रकाने आखले होते : समाज. नवरा गेला तर बाईनं काय करायचं. किती दिवस. बायको गेली तर पुरुषानं काय करायचं. किती दिवस. कोणी सांगितलं. खाली एक ओळ मोकळी होती.

“हे कशासाठी ठेवलंस?”

“बाई, करंजोळ जगात धरायचं का?”

कोपऱ्यात पृथ्वीचा गोल होता. मी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “धरायचं की. नाहीतर कुठं धरणार?”

सहज बोलून गेले. एवढ्यानं काय होईल, असंच वाटलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक ढोबळे सर भिंती बघायला आले. भला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती त्यांना शांतपणे काढायची होती. खेळांचे, भाकऱ्यांचे, घरांचे तक्ते बघून ते खूश झाले. मग स्वप्नालीच्या तक्त्यापाशी आले. वरपासून वाचत खाली आले आणि थांबले.

शेवटची ओळ अशी होती :

‘करंजोळ. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, जोडवी काढायची, हळदीकुंकवाला जायचे नाही, कोणाला ओवाळायचे नाही, लग्नात पुढे यायचे नाही. मरेपर्यंत. पुरुषाने डोके भादरायचे. तेरा दिवस. माझी आई.’

“बाई, हे काय?”

“तिचं संशोधन आहे सर.”

“अहो, जगाच्या संस्कृतीत हे कशाला? उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय गेटवर. सगळ्या बायका येणार. आपले अध्यक्ष थिटे साहेब येणार, पाहुणे आणणार.” त्यांनी आवाज खाली केला. “थिटे साहेबांची पहिली बायको गेली तेव्हा सातव्या महिन्यात दुसरं लग्न झालं, माहितीये ना? हे तेरा दिवस त्यांना टोचणार नाहीत का?”

“तिनं त्यांचं नाव कुठं लिहिलंय?”

“नावाची गरज नसते बाई. तेवढी ओळ कापा. बाकी तक्ता राहू दे. मेमध्ये तुमचं कायमचं पत्र निघायचंय, ते त्यांच्याच सहीनं.”

शाळा सुटल्यावर मी स्वप्नालीला थांबवून घेतलं. टेबलावर कात्री ठेवली. हे लिहिताना आजही मला लाज वाटते, पण ठेवली.

“स्वप्नाली, खालची ओळ कापू या का? जागाही कमी पडतीये.”

तिनं कात्रीकडे बघितलं.

“खोटी आहे का बाई?”

“नाही.”

“मग चुकलंय का काही?”

“नाही गं.”

“मग ग्रीसची पण कापायची का?”

“ग्रीसची कशाला?”

“ती पण तसलीच आहे,” ती म्हणाली.

तिनं कात्री उचलली, माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दप्तर घेऊन गेली. ड्रॉवर उघडला तेव्हा ओंकारचं पाकीट वरच होतं. तिला ते दिसलं असणार. मी तक्त्याला हात लावला नाही. वर्ग बंद करून खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तर शेवटच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवलेला. डिंक ओला होता. व्हरांड्यात ढोबळे सर माझी नजर चुकवून सतरंज्या मोजत होते.

दहा वाजता गेटवर टेबल लागलं. दोन शिक्षिका येणाऱ्या प्रत्येक आईला हळदकुंकू लावत होत्या, हातावर तिळगूळ ठेवत होत्या. मी वर्गाच्या दारातून बघत होते. छबूताई आली. फिकट साडी, मोकळे हात. तिशीतली बाई, पण चालायची अंग चोरून. टेबल दिसताच ती बाजूला झाली, पाण्याच्या टाकीमागून फिरून सायकलींच्या शेडकडून आत आली. कुणी तिला थांबवलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. तिला ती वाट सवयीची होती, एवढंच.

वर्ग भरून गेला. मुलं आपापल्या तक्त्याजवळ पट्टी घेऊन उभी. अकराच्या सुमाराला संस्थेचे अध्यक्ष थिटे साहेब आले. साठीचे, धिप्पाड, शुभ्र कपडे. शाळेची पहिली खोली त्यांनी स्वतः पाट्या वाहून बांधली होती आणि हे गावात सगळे मानत, मीही मानते. त्यांच्याबरोबर तालुक्याच्या शिक्षण विस्तार अधिकारी बाई होत्या, मागे ढोबळे सर, आणि त्यांच्या मागे दहा-वीस पालक.

अधिकारी बाई मन लावून बघत होत्या. झेंडूपाशी थांबल्या, मुबीनाच्या दादीपाशी थांबल्या. “दादींना विचारलंत? वा!” मग त्यांची नजर पांढऱ्या कागदावर आली.

“इथं काय आहे?”

ढोबळे सर म्हणाले, “काही नाही मॅडम, चूक झाली होती लिहिताना.”

“चूक नव्हती,” स्वप्नाली म्हणाली.

“स्वप्ना,” मागून छबूताईचा दबका आवाज आला.

पण ती थांबली नाही. सरळ समोर बघत, कवितेसारखं नाही, हजेरी घ्यावी तसं तिनं म्हणायला सुरुवात केली. “करंजोळ. बांगड्या फोडायच्या. कुंकू पुसायचं. जोडवी काढायची. हळदीकुंकवाला जायचं नाही. कुणाला ओवाळायचं नाही. लग्नात पुढं यायचं नाही. किती दिवस, मरेपर्यंत. पुरुषानं डोकं भादरायचं. किती दिवस, तेरा. कोणी सांगितलं, माझी आई.”

गेटवरचा लाऊडस्पीकर तेवढा चालू होता. थिटे साहेबांचा चेहरा लाल झाला, पण ते मुलीवर ओरडले नाहीत. माझ्याकडे वळले.

“रणपिसे बाई, हे तुम्ही शिकवता?”

“मी विचारायला शिकवलं साहेब. उत्तर तिनं शोधलं.”

“जगाच्या संस्कृती दाखवायच्या होत्या. आपल्या गावाची अब्रू नव्हे.”

“करंजोळ जगातच आहे.”

“शहाणपणा नको.” आता त्यांचा आवाज चढला. “सणाचा दिवस, इतक्या सवाष्णी जमल्यात आणि लहान पोरीच्या तोंडून हे अभद्र वदवता? स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाचं तरी भान ठेवायचं. नवरा परमुलखात असतो तुमचा. बाईमाणसानं असलं बोलू नये.”

गप्प बसता आलं असतं. तिथपर्यंत मी बसलेच होते. तीन वर्षं बसले होते. पण स्वप्नाली माझ्याकडे बघत होती आणि तिच्या शेजारी ओंकार त्याच्या मोकळ्या रकान्याजवळ उभा होता.

“माझा नवरा परमुलखात नाही साहेब,” मी म्हणाले. “चार वर्षांपूर्वी बार्शी रोडला मोटारसायकलच्या अपघातात गेला. लग्नाला अकरा महिने झाले होते.”

कुणीतरी “अगं बाई” म्हणालं.

“विधवा बाईला कोणी खोली देईना. दोन गावं फिरले. म्हणून हे गळ्यात घातलं आणि दुबई सांगितली. ते खोटं होतं आणि ते मी या वर्गालाही सांगितलं. ओंकार, तुझं पत्र मी टाकलंच नाही. टाकायला पत्ता नव्हता. चूक माझी.”

मी मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं.

थिटे साहेबांची नजर माझ्या कपाळावर होती. “मग ते कशाला ठेवलंत?”

“हे मी पाचवीत असल्यापासून लावते. त्याला तेव्हा ओळखतही नव्हते. ते त्याच्याबरोबर आलं नाही, त्याच्याबरोबर जायचं कारण नाही.”

यावर ते काय बोलले असते कोण जाणे, कारण तेवढ्यात छबूताई गर्दीतून पुढे आली. ती सरळ मुलीसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मारते हिला. बहुतेक तिलाही तसंच वाटत होतं, कारण तिचा हात उचलला गेला होता.

“मी कवा सांगितलं गं हे? माझं नाव लिवलंस, मी कवा सांगितलं तुला?”

स्वप्नालीचा चेहरा पडला. तक्ता आईला दाखवायची हिंमत तिनंही केली नव्हती. “मी इचारलं हुतं,” ती घरच्या बोलीत म्हणाली, “ज्योतीच्या ताईच्या हळदीला तू भाईर उभी ऱ्हायलीस तवा. म्हनलं, आई, ह्ये कवा संपनार? तू म्हनलीस, मेल्यावर.”

छबूताईचा हात खाली आला. तिनं पुढे होऊन पांढरा कागद ओढला. डिंक पुरता वाळला नव्हता, कागद निघाला. चौथी शिकलेली बाई, ती एकेका शब्दावर बोट ठेवून ओळ वाचायला लागली. सगळे उभे राहून बघत होते. ‘मरेपर्यंत’वर तिचं बोट बराच वेळ राहिलं. मग ती वर गेली. सात दिवस. चार महिने दहा दिवस. दोन-अडीच वर्षं.

“पेन हाय का?”

मुबीनानं लाल स्केचपेन दिलं. ढोबळे सर पुढे झाले. “हां, खोडा ताई, खोडून टाका. बरं होईल.”

“स्वप्ना, ह्ये खोड,” छबूताई ‘मरेपर्यंत’वर बोट ठेवून म्हणाली. “आन् लिही. एक वरीस तीन म्हयने.”

“कुठपर्यंत?”

“आजपातूर.”

स्वप्नालीनं लिहिलं. जागा कमी पडली, ‘महिने’ रकान्याबाहेर गेलं. छबूताईनं ते वाचून घेतलं आणि मग ती वर्गातून बाहेर पडली. मैदान ओलांडून, टाकीमागून नाही, सरळ गेटच्या टेबलापाशी गेली. आम्ही सगळे दारात आलो. टेबलामागच्या शिक्षिका एकमेकींकडे बघू लागल्या. करंडा कुणी पुढे करायचा, हे त्यांना ठरवता येईना. छबूताईनं वाट पाहिली नाही. स्वतःच करंड्यात बोट घातलं आणि कपाळाला लावलं. आरसा नव्हता. कुंकू जरा डाव्या बाजूला लागलं, नाकावर सांडलं.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. दोन बायका तरातरा गेटबाहेर निघून गेल्या. मुबीनाची दादी खुर्चीत बसून होती, ती म्हणाली, “आ, बैठ बेटा,” आणि शेजारची खुर्ची तिनं पुसली. अधिकारी बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ओंकारला जवळ बोलावून पुढचा तक्ता समजावून सांग म्हणाल्या. थिटे साहेब चहा न घेता गाडीत बसले.

दुपारी सगळे गेल्यावर छबूताई वर्गात आली. कुंकू पुसलं नव्हतं.

“बाई, तुमी उंद्या बदलून जाल. मला हितंच ऱ्हायचंय. त्याच छपरात, त्याच दिरांत.”

“हो.”

“आता काय व्हईल?”

“माहीत नाही हो ताई.”

तिनं मान हलवली. मी खोटा धीर दिला नाही, हे तिला बरं वाटलं असावं. तक्ता काढून गुंडाळी करत ती म्हणाली, “ह्यो मी न्हेते.”

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या समितीनं मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला माफीनामा तयार होता, सही तेवढी बाकी. त्यात लिहिलं होतं की मी वैयक्तिक आयुष्याबद्दल खोटी माहिती दिली आणि विद्यार्थिनीकरवी समाजाच्या भावना दुखावल्या. मी पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून त्याखाली सही केली, कारण ते खरं होतं. दुसऱ्यावर केली नाही. थिटे साहेब म्हणाले, “विचार करा. नोकरी जाईल.” मी म्हणाले, “जाऊ दे. मुलांना मी सांगितलंय, मनानं काही लिहायचं नाही.”

एप्रिलअखेर सेवासमाप्तीचं पत्र आलं. ढोबळे सरांनी ते स्वतः आणून दिलं आणि दारातच उभे राहिले. “तो कागद मी चिकटवला होता,” म्हणाले. “माहितीये सर,” मी म्हणाले. घरमालकीण सरूबाई त्या तीन महिन्यांत एकदाच त्या विषयावर बोलल्या. “आदी सांगितलं असतंस तर खोली दिली नसती. आता दिलीय तर ऱ्हा.” मी जूनपर्यंत राहिले. मग लातूरकडच्या एका शाळेत मुलाखत दिली. अर्जावर वैवाहिक स्थितीच्या पुढे विधवा लिहिलं, फोटो कुंकवाचा लावला. मुलाखत घेणाऱ्यांनी दोन्ही ताडून बघितलं, त्यावर काही विचारलं नाही आणि पुढचा प्रश्न विचारला तो अपूर्णांक कसे शिकवाल याचा. त्या शाळेत मी अजून आहे.

लातूरला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका दुपारी शाळेच्या फोनवर फोन आला. स्वप्नाली होती. आता सातवी संपत आली होती, आवाज जरा जाड झाला होता. धाकट्या चुलत्याचं लग्न झालं म्हणाली.

“आईला हळदीचं बोलवणं नव्हतं बाई. मोठ्या काकूनं आदल्या दिवशी येऊन सांगितलं, पोरीला पाठव, तू येऊ नको.”

“मग?”

“मग काय. आईनं हिरव्या बांगड्या भरल्या आन् गेली.”

“आणि? काही बोलले का?”

“लई बोलले.” तिकडून हसण्याचा आवाज आला. “आई म्हनली, बोलून झालं का? मग हळद कुठं ठिवलीय ते सांगा.”